नंदगडची बाग निपाणीला नेताना

खानापूर तालुक्यातल्या नंदगडच्या एका ताईंनी विचारलं आहे. जुनं घर विकलं, तुळशीचं लग्न झालं की निपाणीच्या नव्या घरात राहायला जायचं. परड्यात सासूबाईंनी लावलेली झाडं आहेत: मोगरा, अनंत, गावठी गुलाब, शेवंती, सोनटक्का, मे महिन्यात लालभडक गोळा काढणारी फुटबॉल लिली आणि दारातला सोनचाफा. थंडी पडायच्या आत सगळं मुळासकट काढून नेलं तर जगेल का, की आत्ताच नवरात्रात न्यावं, असा त्यांचा प्रश्न.

ताई, थंडीच्या आत न्यायचं हे बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे. आपल्याकडच्या थंडीनं यातलं एकही झाड मरत नाही. बेळगाव भागात डिसेंबर-जानेवारीत पारा १३-१४ अंशांवर येतो, एखाद्या रात्री त्याहून खाली. दव पडतं, धुकं पडतं, बर्फ पडत नाही. तुमची झाडं मारणारं ऊन फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतं. होळीपर्यंत झाडाची नवी मुळं नव्या मातीत शिरलेली नसली तर वरची पानं जेवढं पाणी मागतात तेवढं खालून पोचत नाही, आणि जानेवारीत हिरवंगार दिसणारं झाड मार्चमध्ये आठ दिवसांत वाळतं. लोक म्हणतात, अहो, तीन महिने छान होतं की! ते छान नव्हतं, खोडात साठवलेल्यावर तगून होतं.

म्हणून दिवस मोजायचे ते होळीपासून मागं. परतीचा पाऊस संपल्यावर जमीन आतून ओली आणि उबदार असते, ऊन उतरलेलं असतं, हवा कोरडी झाली तरी भाजत नाही. कार्तिकात लावलेल्या झाडाला मुळं धरायला साडेतीन-चार महिने मिळतात. खरं तर यातल्या बहुतेक झाडांसाठी मृगाचा पाऊस सगळ्यात चांगला, पण घर बदलायची तारीख आपण झाडांना विचारून ठरवत नाही. तुमची तारीख दुसऱ्या क्रमांकाची आहे, वाईट नाही.

आत्ता नवरात्रात उपटून नेऊ नका. आत्ता तयारी सुरू करा, कारण तुमच्या हातात सहा आठवडे आहेत आणि त्यांचा फार चांगला उपयोग होतो.

आमच्या रोपवाटिकेत गोकाककडचे एक मुकादम होते, पंचवीस वर्षं आमच्याकडं होते. नवीन पोरगं झाडाची पानं बघत उभं राहिलं की ते एवढंच म्हणायचे, "बेरु नोड्री." मुळं बघा. जुन्या झुडपाची पाणी ओढणारी बारीक पांढरी मुळं खोडाजवळ नसतात, ती लांब, फांद्यांच्या घेराच्या कडेला आणि त्याच्याही पलीकडं असतात. खोडाजवळ असतात ते जाड दोर. तुम्ही एकदम खणून गड्डा काढला तर हाती येतात ते दोर, आणि पाणी पिणारं तोंड नंदगडच्या मातीत राहून जातं. यावर उपाय असा की झाड हलवायच्या आधीच, जागेवर असताना, त्याला खोडाजवळ बारीक मुळं फुटायला लावायची.

मोगरा, गुलाब आणि अनंत या तिघांना हे करा. खोड किती जाड आहे ते बघा. एक सेंटिमीटर जाडीला दहा ते बारा सेंटिमीटर रुंदीचा मातीचा गड्डा, असा हिशेब धरायचा. तेवढं वर्तुळ चुन्यानं आखा. घटस्थापनेच्या सुमारास त्यातल्या अर्ध्या वर्तुळावर धारदार फावड्यानं एक वीत रुंद आणि फूट-सव्वा फूट खोल चर काढा. आडवी येणारी मुळं कात्रीनं साफ कापा, फावड्यानं ठेचू नका. ठेचलेलं मूळ कुजतं, कापलेल्या मुळाला फुटवे येतात. चरात परड्यातलाच कुजलेला पालापाचोळा आणि थोडी रेती भरून पाणी द्या. उरलेलं अर्धं वर्तुळ कोजागरीच्या आसपास करा. एकाच दिवशी पूर्ण गोल कापलं तर झाड ढासळतं, म्हणून हे पंधरा दिवसांचं अंतर ठेवायचं. तुळशीच्या लग्नाला चर उघडाल तेव्हा त्या पालापाचोळ्यात पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळं दिसतील. तीच तुमची निपाणीची शिदोरी.

गड्डा उगाच मोठा करू नका. ४५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल गड्डा म्हणजे ओल्या मातीचं जवळजवळ १०० किलो वजन. दोन माणसं उचलायला जातात, मधेच हात सुटतो, गड्डा फुटतो आणि सहा आठवड्यांची मेहनत जमिनीवर सांडते. मध्यम गड्डा, पण घट्ट बांधलेला, हा नेहमी चांगला.

आता मोगऱ्याचं. तो पंचवीस-तीस वर्षांचा असेल तर ते एक झाड राहिलेलं नसतं, जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मुळं फुटून झालेलं कुटुंब असतं. कडेच्या फांद्या बाजूला करून बघा. मुळं धरलेल्या चार-पाच तरी सापडतील. त्या मुख्य झुडपापासून कापून आत्ताच पिशव्यांत भरा. तुळशीच्या लग्नापर्यंत त्या पिशवीत रुळतील. नाही सापडल्या तर एक लवचीक फांदी वाकवून, गाठीखालची साल थोडी खरवडून, मातीत दाबा आणि वर दगड ठेवा. मुळं यायला वेळ लागेल, पण ही फांदी तुमचा विमा आहे. मूळ झुडूप हलवायच्या दिवशी निर्दयपणे फूट-दीड फुटावर छाटा. मोगरा थंडीत तसाही झोपतो. व्यापारी मळ्यात तर डिसेंबरमध्ये त्याचं पाणी तोडून पानं गाळायला लावतात आणि जानेवारीत छाटतात. तुम्ही छाटणी त्यांच्यासारखी करा, पाणी मात्र तोडू नका. ताण द्यायचा तो रुळलेल्या मोगऱ्याला. नुकत्याच हलवलेल्याला तो आधीच बसलेला असतो.

गुलाबाचं सोपं आहे. पाऊस संपल्यावर त्याची छाटणी करायचीच असते, ती आणि हलवणं एकाच वेळी होऊन जातं. निरोगी फांद्या दीड फुटावर, बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या वर तिरक्या कापा. कापलेल्यातल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांची वीतभर लांब फाटी करून रेतीमिश्रित मातीत खोचा. गावठी गुलाब फाट्यावर सहज येतो. कलमी असेल तर फाट्याच्या भानगडीत पडू नका. आणि नव्या जागी कलमाचा सांधा मातीच्या वर राहील हे बघा.

शेवंतीला हात लावू नका. रात्र मोठी होत जाते तशी तिला कळी धरते, आणि तुम्ही निघाल तेव्हा ती ऐन फुलात असेल. त्या अवस्थेत हलवायचीच वेळ आली तर तिची मुळं उथळ, वीतभरातच पसरलेली असतात. बुट्टीएवढा मातीचा थर अलगद उचलला तर ती जगते. फुलं मात्र कापून देवाला वाहा, झाडावर ठेवू नका. फुलं संपली की बुंध्यातून पिल्लं फुटतात, ती वेगळी करून लावायची. शेवंती दरवर्षी अशीच नवी होते. सासूबाईंनी लावलेला मूळ गड्डा केव्हाच गेला असेल. तुमच्याकडं आहे ती त्याच्या पिल्लांच्या पिल्लांची शेवंती.

सोनटक्क्याचे गड्डे आल्यासारखे असतात. फुलं संपली असतीलच. दांडे गुडघ्याएवढे कापून, प्रत्येक तुकड्याला तीन-चार डोळे ठेवून गड्डे काढा आणि ओल्या तरटात गुंडाळा. त्याला निपाणीत पाणी कमी पडेल. खानापूर तालुक्यातल्या पावसात तो ओढ्याकाठी आपोआप माजतो, तिकडं त्याला न्हाणीघराच्या पाण्याची वाट द्यावी लागेल. साबणाचं पाणी नको, तांब्या-बादलीचं उरलेलं चालेल.

फुटबॉल लिलीच्या बाबतीत एकच चूक सगळे करतात. थंडीत तिची पानं पिवळी पडून नाहीशी होतात आणि कांदा कुठं होता ते कुणाला आठवत नाही. आजच तिच्याभोवती चार काड्या रोवा. पान पिवळं पडू लागलं की खोल खणून काढा. कांद्याचा तळ कापला गेला तर तो कुजतो. झाकली बुट्टी आणि कोरडी रेती एवढं तिला मार्चपर्यंत पुरतं. एप्रिलमध्ये लावा. हलवल्यावर एखादं वर्ष फुललं नाही तर टाकून देऊ नका.

सोनचाफा नेऊ नका, ताई. वाईट वाटेल, मलाही लिहिताना वाटतं आहे. वीस वर्षांपूर्वी मी एका घरचा बारा-तेरा फूट उंच सोनचाफा हलवला होता. माणसं होती, क्रेन होती, गड्डा मोठा होता, आणि चर मारायला वेळ दिला नव्हता. त्याची मुळं जाड, मांसल, जखम न सोसणारी. संक्रांतीपर्यंत पानं धरून होता, फेब्रुवारीत गेला. त्या घरच्या आजी रोज सकाळी त्याच्या खोडाला हात लावून बघत होत्या. तेव्हापासून मोठा चाफा हलवायला मी नाही म्हणते. त्यापेक्षा घर घेणाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेवा की मृगात एकदा येऊन गुटी बांधू द्या. पेन्सिलीहून थोड्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ गुंडाळून प्लास्टिकनं घट्ट बांधायचं. दोन-अडीच महिन्यांत मुळं दिसली की कापून न्यायची. आत्ता बांधून उपयोग नाही, थंडीत फांदी मुळं धरायला फार रखडते. बी लावायचा मोहही नको. चाफ्याचं बी ताजं असेल तरच रुजतं आणि रोपाला फूल यायला सात-आठ वर्षं लागतात. गुटीच्या झाडाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फूल येतं, आणि ते तुमच्याच झाडाचं फूल असतं, त्याच रंगाचं, त्याच वासाचं.

जास्वंद, अबोली, रातराणी यांची फाटी न्या, झाडं नकोत. कढीपत्त्याच्या मुळावरून फुटलेलं पिल्लू न्या. ब्रह्मकमळाचं एक पान वर्तमानपत्रात गुंडाळलं तरी पुरे. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या पुडीत.

आता अनंत, ज्याच्यासाठी खरं तर मी एवढं सविस्तर लिहायला बसले. तुमच्या यादीत थंडीपेक्षा, प्रवासापेक्षा मोठी अडचण मातीची आहे, आणि तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. नंदगडची जमीन लाल, जांभ्याच्या अंगाची, आंबट. पाणी वरून पडलं की खाली जातं. निपाणीकडची काळी, चिकट, बऱ्याच ठिकाणी चुनखडीची. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि भेग पडताना बारीक मुळं तुटतात. मोगरा, गुलाब, शेवंती दोन्हीकडं जमवून घेतात. अनंताला ते जमत नाही. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. मग कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक त्याला शेणखत घालतात, युरिया घालतात, काही होत नाही, कारण भूक त्याची नाही.

झाडं हलवायच्या आधीच एकदा नव्या घरी जाऊन तिथली वाळलेली मूठभर माती बशीत घ्या आणि तीवर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर ओता. फसफसलं तर चुना भरपूर आहे. तसं असेल तर अनंत जमिनीत लावूच नका. खानापूरला मातीकामाची परंपरा आहे, तिथून दीड फूट तोंडाची, तळाला भोक असलेली मोठी कुंडी आधीच घेऊन ठेवा आणि अनंत नंदगडमध्येच, नंदगडच्या मातीत, कुंडीत बसवा. सोबत त्याच मातीची तीन-चार पोती न्या, दरवर्षी वरची दोन इंच माती बदलायला लागेल. निघताना त्याचं लाकूड जास्त छाटू नका, निम्मी पानं काढली तरी पुरे. पाणी शक्यतो पावसाचं साठवून द्या. बोअरचं जड पाणी रोज घातलं तर लाल मातीची कुंडीही वर्षभरात चुन्याची होते. तरीही पानं पिवळी पडली तर हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ३ ते ५ ग्रॅम आणि अर्धं लिंबू, अशी संध्याकाळी पानांवर फवारणी करा, पंधरा दिवसांनी पुन्हा. कुंडीच्या मातीत द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे चुन्याच्या मातीतही मुळांना घेता येईल असं लोह, मागा. चुन्याच्या मातीत नुसतं हिराकस टाकलं तर ते लगेच निकामी होतं.

एक मोह जवळजवळ सगळ्यांना होतो: काळ्या जमिनीत मोठा खड्डा काढायचा आणि त्यात लाल माती भरायची. मीही हे केलं आहे, माझ्याच बहिणीच्या दारात. पहिला उन्हाळा फार सुंदर गेला. पावसाळ्यात त्या खड्ड्याची विहीर झाली. सैल लाल मातीतून पाणी झरकन खाली उतरलं आणि भोवतीच्या काळ्या चिकट मातीनं ते सोडलं नाही. मुळं कुजून अनंत गेला, शेजारचा गुलाबही गेला. काळ्या जमिनीत खाली जाऊ नका, वर या. फूट-दीड फूट उंचीचा वाफा विटांनी किंवा जांभ्याच्या दगडांनी बांधा, खालची जमीन नुसती कुदळीनं उकरून घ्या, आणि वाफ्यात तिथलीच माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाड रेती एकत्र करून भरा. मोगरा आणि गुलाब त्यात लावा. पुढं मुळं हळूहळू खालच्या काळ्या मातीत उतरतात, आणि ती माती मुळात फार कसदार आहे, तिचा राग करू नका.

शेणखत अर्धकच्चं घेऊ नका. त्यात हुमणीच्या अळ्या असतात, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या. ऊसपट्ट्यात ही कीड फार. तुमच्याच गड्ड्यांतून ती जाऊ नये म्हणून बांधण्याआधी कडेची माती चाळवून बघा. मोगऱ्याच्या बुंध्यात मुंग्या असतील तर मुळांवर पिठ्या ढेकूण असण्याची शक्यता असते, ते पाण्यानं धुऊन काढा.

काढायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भरपूर पाणी द्या. कोरडा गड्डा फुटतो, चिखल झालेलाही फुटतो, म्हणून आदल्या दिवशी. फांद्या सुतळीनं वर बांधून घ्या. चर पुन्हा उघडा, खालची मुळं शेवटी कापा, गड्डा एका बाजूला कलवून खाली तरट सरकवा, दुसऱ्या बाजूला कलवून ते ओढून घ्या आणि सुतळीनं करकचून बांधा. उचलताना खोडाला धरू नका, तरटाला धरा. प्रत्येक झाडाच्या खोडावर पूर्वेच्या बाजूला एक चिंधी बांधा आणि नव्या जागीही ती बाजू पूर्वेलाच ठेवा. सावलीला सरावलेल्या सालीवर अचानक ऊन पडलं तर ती भाजते.

टेम्पोचा प्रवास शंभर किलोमीटरच्या वर आहे, आणि हायवेवर वेगानं लागणारा वारा पानांतून भराभर पाणी ओढतो. झाडं सामानाच्या टेम्पोत शेवटी, कपाटांच्या फटीत कोंबू नका. छोटा हत्ती वेगळा करा, पहाटे निघा, झाडं आडवी टेकवून वर ओल्या चादरी आणि त्यावर ताडपत्री घट्ट बांधा. वाफे आधीच तयार असू द्या. म्हणजे दुपारी पोचलात तरी झाडं सावलीत ठेवून चारनंतर लावता येतील. जुन्या जागी माती खोडावर जिथपर्यंत होती तिथपर्यंतच नव्या जागी यावी, बोटभरही वर नको. तरट सुती-तागाचं असेल तर खाली राहू द्या, प्लास्टिकचं पोतं असेल तर काढूनच टाका.

पहिलं पाणी पोटभर, बुडबुडे थांबेपर्यंत. नंतर रोज नको. काळी माती वरून भेगाळलेली दिसते आणि चार बोटं खाली ओली असते. खुरप्यानं उकरून बघा, मगच पाणी. हलवलेली झाडं कोरडेपणानं मरतात तेवढीच मायेच्या पाण्यानंही मरतात. सहा आठवडे कुठलंही खत नाही. बुंध्यापासून चार बोटं जागा सोडून उसाचं पाचट पसरा, तिकडं ते हवं तेवढं मिळेल. वाळवी लागत नाही ना, हे मधून मधून उचलून बघा. फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारच्या बाजूला हिरवी जाळी किंवा झावळ्या उभ्या करा, आणि त्या मृगापर्यंत हलवू नका.

पिशव्यांतल्या मोगऱ्याच्या फांद्यांपैकी एक आणि गुलाबाची दोन फाटी नंदगडच्या शेजारणीकडं ठेवून या. आणि मार्चमध्ये मोगरा नुसत्या काटक्यांसारखा उभा दिसला तर उपटू नका. नखानं साल जरा खरवडा. खाली हिरवं असेल तर पाणी चालू ठेवा. वरची फांदी सुकली असेल तर बुंध्याजवळ खरवडून बघा, तिथंही नसेल तर पहिल्या दोन पावसांपर्यंत थांबा. बुंध्याखालून फुटलेले मोगरे मी जूनच्या अखेरीसही पाहिले आहेत.